तोकडा पट्टा

माझ्या पोरीचा राग गेला तेव्हा अख्ख्या गावाला बरं वाटलं. शेजारची पारूकाकू म्हणाली, ओवी किती शांत झाली गं, आता स्थळं यायला अडचण नाही. सरपंच म्हणाले, मशीन बसवलं ते झ्याक झालं. मला मात्र त्या दिवसांत अन्न गोड लागत नव्हतं. कारण ओवी पैलवान आहे. शहात्तर किलो गटातली राज्याची उपविजेती. पैलवानाचा राग काढून घेतला तर उरतं काय? नुसतं वजन.

मी वैजयंता खोत. कागल तालुक्यात मुलींची तालीम चालवते, म्हणून लोक वस्तादबाई म्हणतात. माझा स्वतःचा राग पंचक्रोशीत माहीत आहे आणि त्याची मला काडीची लाज नाही. ओवीचे बाबा दुधाच्या टँकरवर असतात. तोंडातून शब्द काढायला त्यांना कष्ट पडतात, त्यामुळं घरात भांडायचं खातं पहिल्यापासून माझ्याकडं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं मला थंड डोक्यानं सांगता येणार नाही. आणि सांगायचंही नाही.

तर सांगलीच्या स्पर्धेत समोरच्या पोरीनं पंचांची नजर चुकवून ओवीची करंगळी उलटी पिळली. पूर्वीची ओवी असती तर तिनं त्या पोरीला पुढच्या श्वासाला उचलून आपटलं असतं. ह्या ओवीनं काय केलं? पंचांकडं बघितलं, बोट दाखवलं आणि पुन्हा उभी राहिली, बँकेत रांगेत उभी असल्यासारखी. कुस्ती हरली. घरी येताना गाडीत मी तोंडाला येईल ते बोलले. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "आई, राग आला होता गं. डोक्यात आला. पण खाली उतरलाच नाही. छाती धडधडली नाही, हात गरम झाले नाहीत. मग हा राग आहे का नुसता विचार, तेच मला कळेना."

पुढचा सगळा रस्ता मी काही बोलले नाही, म्हणजे बघा.

हे झालं कसं ते सांगते. दोन वर्षांपूर्वी टीव्हीवर चालू असलेल्या कुस्तीत एक नावाजलेला पैलवान मेंदूत रक्तस्राव होऊन मॅटवरच गेला. लोक हळहळले, विमावाले घाबरले. मग आमच्या मल्ल महामंडळानं योजना काढली. राज्यातल्या प्रत्येक पैलवानाचा रक्तदाब मोजायचा. ज्याचा आकडा रेषेच्या वर, त्याच्या मानेत 'समदाब' नावाचं यंत्र बसवायचं. बसवून घेतलं तर परवाना, नाही तर घरी बसा.

योजनेच्या डॉक्टरांमध्ये माझा धाकटा भाऊ दौलत होता. कोल्हापुरात त्याचा दवाखाना आहे. तो तालमीत आला, कुस्तीच्या हौद्याच्या कडेला लाल मातीत मांडी घालून बसला आणि त्यानं पोरींना समजावलं. समजावतो छान, ते खोटं कशाला बोलू. हृदय आवळतं तेव्हा रक्त धमन्यांमध्ये जोरानं ढकललं जातं, तो वरचा आकडा. हृदय सैल पडतं तेव्हा भिंतींवर जो दाब शिल्लक राहतो, तो खालचा. हे आकडे दिवसभर एका जागी ठरत नाहीत. झोपेत उतरतात, जिना चढताना चढतात, कुत्रं अंगावर आलं तर उडी मारतात. आणि जोर लावून, श्वास कोंडून कुणाला उचललं तर काही क्षण दुपटीच्या जवळ जातात. त्यात आजार काही नाही, शरीराचं ते कामच आहे.

ह्या आकड्यांना आवरणारा पहारेकरी आपल्या मानेत असतो, तो म्हणाला. मेंदूकडं जाणारी मोठी धमनी जबड्याखाली जिथं दुभागते, तिथं एक बारीक फुगवटा आहे. त्याच्या भिंतीत मज्जातंतूंची टोकं असतात. दाब वाढला की भिंत ताणते, टोकं मेंदूला कळवतात. मेंदू हृदयाला म्हणतो हळू, आणि बारीक रक्तवाहिन्यांना म्हणतो सैल व्हा. हे सगळं दोन-चार ठोक्यांत होतं. मूत्रपिंडं मीठ-पाणी धरून किंवा सोडून हेच काम सावकाश करत असतात. पण ज्याचा दाब वर्षानुवर्षं चढा राहतो, त्याच्यात पहारेकऱ्याला तोच दाब सवयीचा होतो आणि तो ओरडायचं सोडून देतो. समदाब हे चिंचोक्याएवढं यंत्र त्या पहारेकऱ्याला विजेचे बारीक चिमटे काढत राहतं. मेंदूला वाटतं दाब फार वाढला, की तो उतरवतो.

"म्हणजे मेंदूला फसवायचं," ओवी म्हणाली. दौलत हसला. म्हणाला, चांगल्या कामासाठी.

मोजणीचं शिबिर आमच्याच तालमीत झालं. एक नर्सबाई, एक मशीन, मशीनला जोडलेला एकच पट्टा. ओवीच्या दंडाला तो गुंडाळला, हवा भरायला लागली आणि पट्टा फट्कन सुटला. सगळी तालीम हसली. पोरींनी शिट्ट्या मारल्या. कुणीतरी म्हणालं, सरकारचा पट्टा पुरंना! पुन्हा गुंडाळला, पुन्हा सुटला, पुन्हा टाळ्या. कुठल्याही दुसऱ्या घरात लोकांनी विचारलं असतं की बाई, ह्याहून मोठा पट्टा नाही का. आम्ही पैलवान माणसं. पट्ट्यात दंड मावत नाही ही आमच्यात कौतुकाची गोष्ट, बारशाला पोर वजनदार निघावं तशी. मला मिशी असती तर मी पीळ दिला असता. नर्सबाईंना संध्याकाळपर्यंत आणखी तीन गावं करायची होती. त्यांनी चिकटपट्टीचे दोन वेढे देऊन पट्टा घट्ट केला आणि तीनदा मोजलं. तिन्ही वेळा एकशे अठ्ठावन्नच्या आसपास, खालचा अठ्ठ्याण्णव. आकडा मशीनमधून थेट महामंडळाकडं गेला.

दौलतनं आकडा बघितला आणि त्याचा चेहरा उतरला. ते का, हे मला कळत होतं. आमचे वडील राणोजी नेजदार, मोठे वस्ताद. ह्याच हौद्यात पन्नाशीत मेंदूची नस फुटून गेले. त्यांना कधी काही दुखलं नव्हतं, कधी कुणी त्यांचा दाब मोजला नव्हता. दौलत तेव्हा बारावीत होता आणि त्यांचं डोकं त्याच्या मांडीवर होतं. तो डॉक्टर झाला तो त्याच दिवशी, पुढचं शिक्षण नुसतं कागदाचं. म्हणून तो ओवीच्या मागं लागला. मी आडवी आले, वीस वर्षांच्या पोरीच्या मानेत सुरी घालायची नाही म्हटलं. ओवीनंच सांगितलं की मला निवड चाचणी खेळायची आहे, परवाना पाहिजे, मामा, बसवून टाका. सज्ञान पोर. तिनं संमतीसाठी अंगठा टेकवला आणि विषय संपला.

यंत्र बसल्यावर ओवीचा आकडा एकशे वीस-ऐंशीवर जाऊन थांबला आणि हललाच नाही. यंत्राला जोडलेल्या मोबाइलवर हिरवा ठिपका. महामंडळानं तिचा फोटो आपल्या पत्रिकेत छापला. इकडं पोर जेवणात मागं पडली. जोर मारताना मध्येच थांबायची. खाटेवरून उठताना भिंतीला हात लावायची. मी विचारलं की म्हणायची, काही नाही, जरा अंधारी येते. रागच नाही, तर हसूही कमी झालं. लोक म्हणत होते समंजस झाली. मला ती विझलेली दिसत होती.

मग एका सकाळी सरावात जोडीदारणीनं तिची मान काखेत आवळली. रोजचा डाव. ओवीनं सुटायला जोर केला आणि एकदम पोतं पडावं तशी खाली आली. डोळे उघडे, पण नजर नाही. तिचे पाय वर धरले, गालावर पाणी मारलं, तेव्हा कुठं ती माणसात आली. मी दौलतला फोन केला, तो धावत आला. आल्या आल्या त्यानं पोरीकडं बघितलं आणि नंतर मोबाइलकडं. आणि मला म्हणतो, आक्का, आकडा उत्तम आहे. एकशे वीस-ऐंशी. पुस्तकात छापावा असा.

मी तो मोबाइल त्याच्या हातातून घेतला आणि हौद्यात भिरकावला.

मग त्यानं सांगितलं की जोर लावल्यावर दाब चढायला लागला असेल, यंत्रानं तो खेचला असेल, त्यात मानेवर नेमक्या त्याच जागी दाब पडला असेल. तिन्ही एकत्र आलं. म्हणाला, मानेचे डाव टाळा. मी म्हटलं, आणि समोरच्या पोरींना पण पत्र पाठवू का, की आमच्या ओवीची मान धरू नका? निवड चाचणी जवळ आली होती. तिथं तिची मान धरणाऱ्या पोरी काही घरच्या नव्हत्या. त्यांनी आवळली आणि सोडली नाही तर? हा प्रश्न मी त्याला विचारला नाही. विचारायची हिंमत झाली नाही.

कोल्हापुरात डॉक्टर नसीम पटवेगार म्हणून हृदयाच्या बाई आहेत. ओवीच्या मैत्रिणीच्या आईनं नाव सुचवलं. आम्ही गेलो. त्यांनी ओवीला पाठ टेकवून बसवलं, पाय जमिनीवर सरळ, हात टेबलावर छातीच्या उंचीला, बाही पूर्ण वर. पाच मिनिटं कुणी बोलायचं नाही म्हणाल्या. मला ती पाच मिनिटं म्हणजे शिक्षाच. मग त्यांनी रक्तदाबाच्या आधी शिंप्याची टेप काढली आणि पोरीचा दंड मोजला. एक्केचाळीस सेंटिमीटर. ड्रॉवरमध्ये चार-पाच मापांचे पट्टे होते, त्यातला सगळ्यात रुंद काढला. मोजलं. ब्याण्णव-अठ्ठावन्न. उभं करून मोजलं. शहात्तर.

"तुम्हाला यंत्र बसवलं तेव्हा कुठला पट्टा होता?" त्यांनी विचारलं.

ओवीनं सांगितलं की एकच होता, तो सुटत होता, मग चिकटपट्टी लावली. सांगताना हलकंसं हसली. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी टेबलावर दोन्ही पट्टे शेजारी शेजारी ठेवून आम्हाला दाखवलं. पट्ट्यात हवेची पिशवी असते. तिनं दंडाचा बहुतेक सगळा घेर वेढायला हवा. ती तोकडी पडली तर आतली धमनी दाबायला जादा हवा भरावी लागते, आणि ती जादा हवा मशीन रक्तदाब म्हणून मोजतं. जाड दंडाला लहान पट्टा म्हणजे आकडा फुगलाच. आणि यंत्राला एकशे वीस म्हणजे किती, हेही त्याच पट्ट्यानं शिकवलेलं होतं. मोबाइलवर एकशे वीस दिसत होते तेव्हा पोरीच्या धमन्यांत नव्वद होते. आठ महिने ती अर्धवट दाबावर चालली, खेळली, हरली.

"हिला बीपी नव्हतंच," त्या म्हणाल्या. "हिला दंड होता."

मला तालमीतल्या त्या शिट्ट्या आठवल्या आणि डोळ्यांपुढं लाल झालं. मी टेबलावर मूठ आपटली, महामंडळाच्या सात पिढ्या काढल्या. डॉक्टरीणबाईंनी मला बोलू दिलं. दम लागून मी थांबले तेव्हा म्हणाल्या, ताई, आता तुम्ही बसा, बाही वर करा. मी म्हटलं मला काय झालंय. त्यांनी मला शांत बसवलं, वेळ दिला, दोन्ही हातांवर मोजलं. माझ्या दंडाला साधा पट्टा आरामात पुरला. एकशे चौऱ्याण्णव. खालचा एकशे दहा.

म्हणजे ज्या अंगात आजार नव्हता तिथं यंत्र आलं, आणि ज्या अंगात आजार होता ते अंग दुसऱ्यांच्या नावानं ओरडत फिरत होतं. मी म्हटलं, हे रागानं चढलंय, उतरेल. त्या म्हणाल्या, रागानं चढतं ते घटकाभर. हे मुक्कामी आहे. वय, घराणं, मीठ, ह्यांतून येतं, शांत माणसालाही होतं आणि दुखत काहीच नाही. वडिलांचं ऐकल्यावर तर गोळी आजपासून सुरू करायची. मी साफ नकार दिला. पोरीचा राग एका यंत्रानं नेला, माझा गोळीनं जायचा, मग महामंडळाशी भांडणार कोण? डॉक्टरीणबाईंनी समजावलं की ही गोळी रक्तवाहिन्यांच्या भिंती सैल करते, स्वभावाला हात लावत नाही. माझा विश्वास बसला नाही. पण ओवी माझ्याकडं बघत होती, त्या विझलेल्या डोळ्यांनी, आणि म्हणाली, आई, आजोबांसारखं नको करू. म्हणून घेतली. आठवड्यानं तपासून बघितलं, राग होता तिथंच होता. सकाळचं डोकं जड राहायचं ते तेवढं थांबलं.

दौलतकडं गेलो तेव्हा त्यानं आधी वाद घातला. मग कपाटातून रुंद पट्टा काढला. कोरा, प्लास्टिकही फोडलेलं नव्हतं, कारण योजनेच्या मशीनला तो बसतच नव्हता. त्यानं स्वतः मोजलं. ब्याण्णव. पुन्हा मोजलं. मग पट्टा हातात धरून बसून राहिला.

"बापाची भीती तू माझ्या पोरीच्या मानेत शिवलीस," मी म्हटलं.

त्यानं खाली बघूनच सांगितलं, यंत्र बंद करायचा संकेतांक त्याच्याकडं आहे, पण महामंडळाच्या परवानगीशिवाय वापरला तर त्याची चौकशी लागेल, योजनेतून नाव जाईल, कदाचित डॉक्टरकीची सनदही. आणि यंत्र बंद झालं की त्याच क्षणी ओवीचा परवाना बंद. त्यानं रीतसर अर्ज केला. उत्तर आलं, सुनावणीला पुण्याला या.

पुण्याच्या त्या कार्यालयाचा व्हरांडा पैलवानांनी भरलेला होता. वार्षिक तपासणीचा दिवस. सोलापूर, लातूर, नाशिक, कुठली कुठली पोरं, सगळ्यांच्या मानेवर तोच बारीक व्रण. एवढी माणसं आणि आवाज नाही. पैलवान एकत्र जमले की व्हरांड्यात चेष्टा-मस्करी, ढकलाढकली पाहिजे. ही पोरं दवाखान्यातल्यासारखी बाकांवर बसली होती.

आत अध्यक्ष देवस्थळी. निवृत्त अधिकारी, आवाज मऊ, पेन झाकून मग बोलणारा माणूस. त्यांनी दौलतचं ऐकलं, आमच्याबरोबर आलेल्या डॉक्टर पटवेगारांचं ऐकलं, मानही हलवली. मग म्हणाले, योजनेत प्रमाणित पट्टा एकच आहे. त्या पट्ट्यानं खेळाडूचा दाब एकशे वीस येतो, म्हणजे यंत्र उत्तम काम करतंय. दुसऱ्या पट्ट्याचा आकडा आम्हाला ग्राह्य धरता येत नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मग यंत्र बंद करून मोजा. ते म्हणाले, बंद करायला आधी हे सिद्ध झालं पाहिजे की गरज नव्हती. दौलत म्हणाला, ते बंद केल्याशिवाय सिद्ध कसं होणार? देवस्थळी म्हणाले, त्यासाठीच तर समिती आहे.

मी उठले. म्हटलं, म्हणजे पाण्यात न उतरता पोहून दाखवायचं का? चाचणी पुढच्या आठवड्यात आहे. पोरीची मान कुणी आवळली आणि ती उठली नाही तर तुमची समिती खांदा द्यायला येणार आहे का?

"खोतबाई, आवाज खाली," देवस्थळी म्हणाले. "तुमच्याच प्रकृतीसाठी सांगतो."

देवा शपथ, त्या मऊ आवाजाचा मला जेवढा संताप आला तेवढा आयुष्यात कशाचा आला नाही. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. पण मी पुढं काही बोलायच्या आत शेजारची खुर्ची सरकली. दौलत उभा होता. त्यानं पिशवीतून यंत्राचं नियंत्रक काढलं, काडेपेटीहून थोडं मोठं. देवस्थळींनी त्याला नावानं हाक मारून बजावलं की डॉक्टर, ह्याचे परिणाम तुम्हाला माहीत आहेत. त्यानं संकेतांक दाबला, ओवीच्या मानेजवळ नियंत्रक धरलं आणि म्हणाला, "बंद झालं. माझ्या नावावर लिहा."

मोबाइलवरचा हिरवा ठिपका विझून लाल झाला. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, अर्धा तास थांबायचं, शरीराला स्वतःचा हिशेब लावू दे. देवस्थळींना तेही मान्य नव्हतं, पण उठून जाणार कुठं, समिती त्यांचीच. चहा आला. आम्ही कुणी घेतला नाही. मी ओवीकडं बघत बसले. पोरीच्या ओठांचा फिका रंग हळूहळू गेला. मानेवरची शीर उडायला लागली. मांडीवर ठेवलेले हात तिनं एकदा उघडून बघितले, मिटले, परत उघडले. बाळंतपणात सुद्धा मी एवढी तिच्या तोंडाकडं बघत बसले नव्हते.

मग मोजलं. रुंद पट्ट्यानं एकशे अठरा-शहात्तर. त्याच दंडाला, पाच मिनिटांनी, महामंडळाच्या पट्ट्यानं एकशे छप्पन्न-शहाण्णव. दोन्ही आकडे सगळ्यांसमोर. समितीतल्या एका सदस्यानं चष्मा काढून पुन्हा घातला. खोलीत कुणाला काही समजायचं बाकी राहिलं नव्हतं.

देवस्थळींनी पेन झाकलं. म्हणाले, नोंद घेतली आहे. प्रकरण तांत्रिक उपसमितीकडं पाठवतो. तोपर्यंत यंत्र बंद असल्यामुळं नियमाप्रमाणे खेळाडूचा परवाना स्थगित राहील.

मी खुर्चीचा दांडा धरून उठणार, तेवढ्यात माझ्या खांद्यावर हात पडला. जड, गरम हात.

"आई, तू गप बस," ओवी म्हणाली. "माझ्या दंडाचं मी बोलते."

ती टेबलापाशी गेली. कानशिलं लाल झालेली, नाकपुड्या फुललेल्या. तिनं महामंडळाचा तो पट्टा उचलून देवस्थळींच्या पुढ्यात आदळला.

"साहेब, पट्टा तोकडा आहे. माझा दंड नाही. हा दंड मी बारा वर्षं जोर मारून कमावला. तो तुमच्या पट्ट्यात मावला नाही म्हणून तुम्ही मला आजारी ठरवलंत. आठ महिने मी भिंत धरून उठले. मला वाटलं मीच खचले, माझ्यातच काही उरलं नाही. आणि तुम्ही म्हणताय नोंद घेतली? कुणाच्या बापाची नोंद?" मग ती वळली. "मामा, तुम्ही पण. आजोबांना वाचवता आलं नाही म्हणून मला बांधून ठेवलंत. एकदा तरी टेप घेऊन दंड मोजायचात."

दौलतनं मान खाली घातली. तिला तेवढ्यानं समाधान नव्हतं. आवाज असा की खिडकीची तावदानं वाजली. ती दाराकडं गेली, दार सताड उघडलं आणि व्हरांड्यात उभी राहिली.

"ज्याच्या दंडाला पट्टा पुरला नव्हता त्यानं उठायचं," ती ओरडली. "चिकटपट्टी लावलेल्यांनी सगळ्यांनी."

मग सोलापूरचा एक धिप्पाड पोरगा उठला, भिंतीला हात टेकवून. त्याच्या शेजारचा उठला. लातूरच्या दोन बहिणी उठल्या. मग बाकामागून बाक मोकळं होत गेलं. डॉक्टर पटवेगारांनी पट्ट्यांची पिशवी घेतली आणि बाहेर गेल्या. दौलतनं नियंत्रक उचललं. दारात क्षणभर थांबला, माझ्याकडं बघितलं आणि तोही गेला. बाहेर ओवी एकेकाची बाही वर करायला लावत होती आणि हळू हात चालवतो म्हणून मामालाच दटावत होती.

आत मी आणि समिती. देवस्थळींनी पहिल्यांदाच पेनाचं टोपण लावायचं विसरून बोलायला सुरुवात केली. "बाई, हे असं चालत नाही. तुमच्या मुलीला परत बोलवा."

"नाही बोलावणार," मी म्हटलं. "आठ महिन्यांनी आलीय."